पाय द्या इकडे

पुण्यात कुठल्याही प्रदर्शनात जा, लोणची-पापड आणि खणाच्या पर्सेसच्या मधे एक स्टॉल काश्याच्या वाटीच्या मशीनचा असतोच. चार-पाच खुर्च्या, प्रत्येकीसमोर एकेक मशीन, त्यात गरगर फिरणाऱ्या वाट्या आणि त्यावर तळपाय टेकवून डोळे मिटून बसलेली आमच्या वयाची माणसं. थोड्या वेळाने पाय उचलला की तळव्यावर काळपट काहीतरी जमलेलं असतं, ते स्टॉलवाला मुलगा टिश्यूने पुसून तुमच्या नाकासमोर धरतो, बघा काकू केवढी उष्णता निघाली! मागच्या वेळी एकाने तर उष्णतेच्या जागी टॉक्सिन्स म्हटलं, आणि शेजारच्या खुर्चीतल्या काकांना शुगर आहे हे कळल्यावर लगेच, "शुगरला तर एक नंबर काका, महिनाभर रोज करा, गोळी अर्धी होते की नाही बघा."

काका खूश. मी गप्प बसले नाही, पण ते सोडा.

तो काळा थर म्हणजे उष्णताही नाही आणि साखर तर नाहीच नाही. कासं म्हणजे तांबं आणि कथील. त्यावर तूप, त्यात पायाचा घाम, वर सतत घासणं, म्हणजे धातू कणाकणाने सुटणार आणि तुपात मिसळून काळा दिसणार, एवढंच. म्हणून वाटी वाईट असं मी म्हणत नाहीये हं. आमच्या आजीकडे वाटी होती, उन्हाळ्यात रात्री ती आजोबांच्या तळव्यांना घासून द्यायची आणि आजोबा तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागायचे. पण आजीच्या हातातली वाटी आणि मशीनमधली वाटी यात फरक आहे, आजोबांनी नुसता पाय आखडला तरी आजीचा हात हलका व्हायचा. मशीनला काय कळणार? आणि ज्याच्या पायाला मुळात लागलेलंच समजत नाही अशा माणसाचा पाय मशीनवर असेल तर मग दोन्हीकडून आंधळाच कारभार.

या सगळ्यात मला एवढा इंटरेस्ट कारण आमच्या घरात शुगर आहे. सासूबाईंना खूप वर्षांपासून, आता इन्सुलिनवर. नवऱ्याला गोळ्या. मी स्वतः बॉर्डरवर, म्हणजे डॉक्टर अजून नुसतं बोट दाखवून दटावतात त्या स्टेजला. आणि आमचंच घर काही वेगळं नाही, २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या सर्व्हेचे आकडे आले त्यात भारतात १० कोटींवर लोकांना डायबिटीस असल्याचा अंदाज होता आणि उंबरठ्यावर उभे असलेले माझ्यासारखे त्याहूनही जास्त. आता एवढं मोठं गिऱ्हाईक म्हटल्यावर स्टॉल लागणारच.

मग मालिशने शुगर उतरते का? हा प्रश्न मी आमच्या डॉक्टरांनाही विचारलाय आणि स्वतःही बरंच वाचून काढलंय. १९९७ साली अमेरिकेत मायामी विद्यापीठातल्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटच्या टिफनी फील्ड यांनी डायबिटीस असलेल्या मुलांवर एक छोटा अभ्यास केला होता. आईवडिलांनी रोज रात्री झोपताना मुलाला २० मिनिटं मालिश करायची, महिनाभर. मुलांची साखर खाली आली, आणि मुलांचं नि आईवडिलांचं दोघांचंही टेन्शन कमी झालं. मालिशवाल्यांच्या जाहिरातीत हा अभ्यास हमखास सापडतो. पण मुलं मोजकी होती, महिना एकच होता, आणि माझ्या मनात येतं ते असं की ज्या घरात आईबाप रोज रात्री वीस मिनिटं मुलाजवळ बसायला लागतात त्या घरात जेवणाच्या वेळा आणि इन्सुलिनच्या वेळाही आपोआप जाग्यावर येत असतील, मग साखर नेमकी कशाने उतरली ते कोण सांगणार. त्यानंतर इतकी वर्षं गेली तरी मालिश करा आणि शुगर कंट्रोलमध्ये आणा असं ठामपणे म्हणावं एवढा पुरावा काही उभा राहिलेला नाही.

यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. माणूस ताणात असला की शरीरात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि मग यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं, म्हणून तर घरात भांडण झालं की सासूबाईंची सकाळची उपाशीपोटीची वर जाते (भांडण कोणाशी ते विचारू नका). अंग सैल सुटलं, झोप लागली तर याला थोडा लगाम बसत असेल. पण डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते डोक्यात पक्कं बसलं. चालताना स्नायू स्वतः काम करतो म्हणून तो रक्तातली साखर ओढून घेतो, त्याला तेव्हा इन्सुलिनचीही फारशी वाट बघावी लागत नाही. मालिशमध्ये काम करणाराचे स्नायू चालतात, तुमचे नाही. म्हणजे शुगर कोणाची उतरायची तर मालिशवाल्याची.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहिती असते. इन्सुलिन घेतल्यावर ती जागा चोळायची नाही. पोट, मांडी, दंड, जिथे घेतलं असेल तिथे. चोळलं की रक्तप्रवाह वाढतो आणि जे औषध हळूहळू उतरायचं ते भसकन रक्तात येतं, शुगर एकदम खाली. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. सासूबाईंना सवय होती सुई काढली की बोटाने गोल गोल चोळायची, लहानपणी इंजेक्शन घेतल्यावर कंपाउंडर कापूस चोळायचा ना, तीच सवय. ती मोडायला मला बराच वेळ लागला. म्हणजे इन्सुलिन घेऊन लगेच कोणी पोटाला, मांडीला तेल लावून रगडत असेल तर नको. त्याच त्याच जागी सुया टोचून कातडीखाली मऊ गाठी होतात, त्याही मालिश करून "मोडायच्या" नसतात, जागा बदलायची असते. आणि मालिश झाल्यावर ताडकन उठायचं नाही, जुन्या डायबिटीसवाल्यांचं बीपी उभं राहताना पटकन खाली येतं. उठून बसायचं, दोन मिनिटं पाय खाली सोडायचे, मग उभं राहायचं. इन्सुलिन असेल किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर जास्तच उतरवू शकणारी गोळी असेल तर आधी एकदा मीटरवर बघून घ्यायचं आणि साखरेची पुडी जवळ ठेवायची. झालं, एवढंच पथ्य.

पायांचं मात्र एवढ्यात भागत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना पायांच्या तपासणीला नेलं होतं. तिथल्या मॅडमनी एक दांडी काढली, टोकाला नायलॉनचा जाड दोरा, मासे धरायच्या गळाला असतो तसा. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात, तळव्यावर टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या जोराला तो वाकतो, तेवढा स्पर्श कळायला हवा. सासूबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि लागलं की हो म्हणा म्हणाल्या. अंगठा, हो. करंगळीखाली, हो. टाचेजवळ, हो. मी मनात म्हटलं चला, पाय चांगले आहेत. मग मॅडम मधेच थांबल्या. काहीच टेकवलं नाही. आणि सासूबाई ठरल्या वेळेला म्हणाल्या, "हो."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. परत टेकवायला लागल्या पण आता कधी पटकन, कधी बराच वेळ थांबून, आणि सासूबाईंचे हो चुकायला लागले. त्या खोटं बोलत नव्हत्या बरं का. त्यांनी ताल पकडला होता, पायाऐवजी कानाने आणि अंदाजाने उत्तरं देत होत्या आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की मला लागतंय. नंतर कंप मोजायचं यंत्र घोट्याजवळ लावलं, तो कंपही बराच वाढवल्यावर कळला. मॅडम म्हणाल्या, आजी, तुमच्या पायांना आता तुमच्यापर्यंत निरोप पोचवता येत नाही, तेव्हा रोज कोणीतरी डोळ्यांनी बघायचं आणि हाताने चाचपायचं.

कोणीतरी म्हणजे मी.

आता हे म्हणायला सोपं. सासूबाईंच्या पायाला हात मी लग्नापासून लावतेय, सणवार, वाढदिवस, परगावी जाताना, वाकायचं, बोटं टेकवायची, उठायचं. त्या पलीकडे आम्ही दोघी एकमेकींना हात लावणाऱ्यातल्या नाही. एकमेकींना मिठी मारणं वगैरे आमच्या घरात सिरियलमध्ये बघतात. पहिल्या दिवशी मी वाटीत तेल घेऊन त्यांच्या पलंगापाशी खाली बसले तर त्यांनी पाय पदराखाली ओढून घेतले.

"अगं राहू दे. मी काय जहागीरदारीण आहे का पाय चेपून घ्यायला?"

"आई, मॅडमनी सांगितलंय. पाय द्या इकडे."

"मग तो करेल की. त्याला सांग."

तो म्हणजे नवरा, जो हॉलमध्ये मॅच बघत होता आणि ज्याने हे ऐकून आवाज वाढवला. टीव्हीचा. शेवटी दिला त्यांनी पाय, एक, आणि तोही असा ताठ धरून की जणू काही मी माप घेणार आहे. काही आठवडे हा कार्यक्रम असाच, दोघी गप्प, मी तेल लावतेय, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतायत. मग हळूहळू त्या बोलायला लागल्या. माहेरच्या विहिरीवरून, एका नणंदेवरून, शाळेत लंगडीत त्या पहिल्या यायच्या त्यावरून. पाय हातात असताना त्या जे बोलल्या ते इतक्या वर्षांत स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कधी बोलल्या नव्हत्या. मला वाटतं समोरासमोर बघायची सक्ती नसते म्हणून असेल, मी खाली पायाकडे बघतेय, त्या कॅलेंडरकडे.

करायचं काय ते अगदी साधं. थंडीत तिळाचं तेल, एरवी खोबरेल. कोमट केलं तर आधी माझ्या कोपराला लावून बघते, त्यांना विचारण्यात अर्थ नसतो. टाच, तळवा, चवडा, घोट्याभोवती, पोटरी खालून वर, सगळं हलक्या हाताने. रगडायचं नाही. बोटांच्या बेचक्यात तेल घालायचं नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात, म्हणून बेचकी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची. आग होते तेव्हा त्या कैलास जीवन लावायला सांगतात, ते लावते, गार वाटतं म्हणतात. आगीचं मूळ नसांमध्ये आहे, ते मलमाने जात नाही हे त्यांनाही माहितीये. पण मुंग्या आणि आग रात्री जास्त छळतात, आणि त्या वेळेला कोणाचातरी हात पायावर असला की लक्ष तिकडून हटतं, झोप लागायला मदत होते. मालिशबद्दल ज्या गोष्टी मी खात्रीने सांगू शकते त्यातली ही एक.

दुसरी खिळ्याची. एका संध्याकाळी उजव्या टाचेला अंगठा फिरवताना खरखर लागली, चष्मा लावून बघितलं तर एक लाल ठिपका आणि त्याच्या मधोमध बारीक भोक. चपला आणून आत हात घातला तर तळातून खिळ्याचं टोक वर आलेलं. त्या सकाळी देवळात जाऊन आल्या होत्या, येताना भाजीही घेऊन आल्या होत्या, तेवढं सगळं त्या खिळ्यावरून चालल्या आणि त्यांना काही म्हणजे काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग, टिटॅनसचं इंजेक्शन, वेळेत होतं म्हणून भरलं. चप्पल पायात घालायच्या आधी आपटून घ्यायची आणि आत हात फिरवायचा हा नियम तेव्हापासून घरात सगळ्यांना, मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या, आणि घरातसुद्धा अनवाणी चालणं बंद.

अनवाणीवरून सासूबाईंचं आणि माझं अजून वाजतं. पूर्वी त्या आषाढात माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायच्या, दिवे घाट चढून, आणि तेही अनवाणी, कारण तसाच नेम होता. वाटेत मालिशची सेवा देणारे लोक असतात ना, मांडव घालून बसलेले, अनोळखी वारकऱ्यांचे चिखलाने भरलेले पाय धुऊन पुसून स्वतःच्या मांडीवर घेऊन तेल लावून देतात, मोठमोठी शिकलेली माणसं असतात त्यात. सासूबाई सांगतात की एकदा एका कॉलेजच्या पोराने त्यांचे पाय चेपून दिले आणि वर त्यांच्याच पाया पडला, हे सांगताना त्यांच्या डोळ्यात अजून पाणी येतं. मला ही सेवा फार आवडते, वारीतलं मला सगळ्यात काय आवडतं विचारलं तर हीच सांगेन. पण फोड आलेला, सोललेला, बधीर पाय चोळायचा नसतो, तो स्वच्छ करून झाकायचा असतो, आणि दिवसभर चालून सुजलेल्या पायात कोणता थकलेला आणि कोणता डायबिटीसचा हे त्या पोराला कसं कळावं? एकच प्रश्न विचारला तरी पुरे, माउली, शुगर आहे का?

विचारण्यावरून आमच्या मालिशवाल्या मावशी आठवल्या. मूळच्या बाळ-बाळंतिणीच्या. आमच्या सोसायटीतली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखालून गेलीयत. आता बाळंतिणी कमी आणि गुडघेवाल्या आज्या जास्त म्हणून त्या मोठ्यांचीही करतात. आमच्याच मजल्यावरच्या एका काकांना जुनी शुगर, एक पाय घोट्यापाशी सुजलेला, मुरगळला असेल म्हणून काकूंनी मावशींना बोलावलं. दुखत फारसं नव्हतं, म्हणून काका निवांत. मावशींनी तेलाची बाटली उघडायच्या आधी दोन्ही पायांवर एकेक तळहात ठेवला. आणि तशाच बसून राहिल्या. मग हात बदलून ठेवले, डावा उजव्यावर, उजवा डाव्यावर.

"ह्यो पाय गरम लागतोय. त्यो गार हाय. म्या न्हाई हात लावत, डागदरला दावा."

काकूंना राग आला होता, मालिश करायला बोलावलं आणि ही बाई डॉक्टर व्हायला निघाली. पण काका गेले दाखवायला. ते निघालं शार्को फूट. म्हणजे नसा बधीर झाल्यावर पायातली हाडं आतल्या आत मोडायला, सरकायला लागतात, पाय लाल, गरम, सुजलेला दिसतो आणि दुखत मात्र फार नाही, म्हणून माणूस त्याच्यावर चालतच राहतो. पुष्कळदा मुरगळलं, संधिवात, इन्फेक्शन असंच काहीतरी समजून महिने जातात आणि पायाचा आकारच बदलतो. अशा पायाला चोळणं, ओढणं, कडकन आवाज काढणं म्हणजे काय झालं असतं विचारही नको. काकांना प्लास्टर घातलं, पाय टेकायचा नाही, कित्येक महिने. वैतागले, पण पाय वाचला. मावशींनी त्या दिवशीचे पैसे घेतले नाहीत, काम केलं नाही तर कसले पैसे म्हणाल्या. मी म्हणते त्या दिवशीचे दुप्पट द्यायला हवे होते.

अशीच दुसरी जागा म्हणजे पोटरी. एकच पोटरी सुजली, दुखतेय, गरम आहे तर ती गोळा आला म्हणून दाबायची नाही, आत रक्ताची गुठळी असू शकते. पायाला जखम असेल, पू असेल, बोट काळंनिळं पडलं असेल तर तेलाची बाटली ठेवून द्या आणि रिक्षा बोलवा.

खांद्याचं मात्र उलटं आहे, तिथे लोक उगाच घाबरून हलवायचेच बंद करतात. डायबिटीसवाल्यांना फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडून बसतो तो, इतरांपेक्षा जास्त होतो. आणि हातांचंही. सासूबाईंचा नमस्कार आता पूर्ण जुळत नाही, तळवे जोडले तरी बोटांच्या मधे फट राहते, हे पण शुगरचंच, बोटांचे सांधे आणि कातडी ताठरतात. मी आधी समजायचे की त्या घाईघाईत हात जोडतात. फिजिओने व्यायाम दिलेत, व्यायामाच्या आधी हात आणि खांदा शेकून हलकं चोळून घेतलं की हालचाल जरा सोपी होते. नुसतं चोळून खांदा सुटत नाही, आणि जोर करून हात वर ओढणारा भेटला तर दुसऱ्या दिवशी तो हात अजून खाली.

आता आमचा भाचा. आयटीत आहे, हिंजवडी, वय चाळिशीच्या आत, लहानपणापासून टाइप वन डायबिटीस, दंडावर साखर मोजणारा सेन्सर, पोटावर इन्सुलिन. त्याला ऑफिसमधून वाढदिवसाचं स्पा व्हाउचर मिळालं, डीप टिश्यू, म्हणजे जोर लावून खोलवर करायची मालिश, नव्वद मिनिटं. मला फोटो पाठवला तिथल्या फॉर्मचा. प्रेशर सॉफ्ट, मीडियम की हार्ड. तेल कोणतं, लॅव्हेंडर की लेमनग्रास. म्युझिक हवं की नको. शुगरचं नाव नाही कुठे. मी लगेच फोन केला, म्हटलं खाली जागा असेल तिथे स्वतःच्या हाताने लिही, डायबिटीस आहे, इन्सुलिन घेतो, दंडावरच्या सेन्सरला तेल लावू नका नाहीतर निघून येईल. तो म्हणाला, मामी तू पण ना. पण लिहिलं.

संध्याकाळी फोन केला तर साहेब चिडलेले. म्हणे त्या मुलीने फॉर्म वाचला आणि आधी पाय बघितले, कुठे जखम आहे का विचारलं, इन्सुलिन किती वाजता घेतलं विचारलं, पोटाला आणि सेन्सरच्या दंडाला हातच लावला नाही, सगळीकडे मीडियमच प्रेशर, आणि संपल्यावर उठू देईना, बसवून ठेवलं, सेन्सर बघा म्हणाली. "डीप टिश्यूचं व्हाउचर आणि केलं काय तर नुसतं कुरवाळलं, मामी."

"किती होती शुगर?"

"एकशे दहा. ते जाऊ दे ना."

"टिप दिलीस का तिला?"

नव्हती दिली. मी त्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता तिथे फोन कर, जीपेवर पाठव, आणि पुढच्या वेळी त्याच मुलीची अपॉइंटमेंट घे.